शाश्वतराव

हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण बाणेरच्या कुठल्याही कॅफेत 'शाश्वतराव' अशी हाक मारा, दोन-तीन माना तरी वळतील. अंगात सुरकुतलेला खादीचा कुडता (इस्त्रीला वीज लागते), समोर तांब्याची बाटली आणि व्हिक्टर पापानेक यांचं १९७१ सालचं 'डिझाइन फॉर द रिअल वर्ल्ड', मुखपृष्ठ फोटोत नीट येईल असं ठेवलेलं. तशा बाटल्या त्यांच्या घरी डझनभर आहेत. पर्यावरणाच्या प्रत्येक परिषदेत एक मिळतेच. सोबत एक 'कापडी' पिशवीही मिळते. ती नॉनवोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे चक्क प्लास्टिकची असते. एकदा बोहारणीनं ती चिमटीत चुरगाळली आणि न बोलता परत दिली.

व्यवसाय पॅकेजिंग डिझायनरचा. कचरा कचराकुंडीत नव्हे, डिझायनरच्या टेबलावर तयार होतो, हे त्यांचं लाडकं वाक्य. वाक्य शंभर टक्के खरं आहे. त्यांचं टेबल पाहिलं की पटतंच.

परवा आमच्याकडे त्यांनी केलेली लग्नपत्रिका आली. बीज-कागदाची! मातीत पेरायची, तुळस उगवते. पत्रिका तळहाताएवढी आणि खोकं पुरणपोळ्यांच्या डब्याएवढं. झाकणाला लोहचुंबक, आत फोमची गादी, वर साटीनची फीत आणि सगळ्याला मखमली स्पर्शाचं मॅट लॅमिनेशन. रिकामं खोकं मी सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना दिलं. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८पासून दारोदार हे काम करते, मावशी त्यातल्याच. त्यांनी नखानं खोक्याचा कोपरा उचलला. पातळ पापुद्रा सुटून आला.

"याला प्लास्टिक चिकटवलंय. पुठ्ठ्यात जात नाही, प्लास्टिकातही जात नाही." चुंबक तेवढा उपसून त्यांनी नातवासाठी ठेवला. मग विचारलं, "दादा, पत्रिका लावली तर तुळस येणार. खोकं लावल्यावर काय येतं?"

हा प्रश्न मी शाश्वतरावांपर्यंत पोचवला. ते खिन्न झाले. "क्लायंटला प्रीमियम फील लागतो हो," म्हणाले.

मी त्यांना स्प्राइटची आठवण करून दिली. २०२२ मध्ये त्या ब्रँडनं उत्तर अमेरिकेत आपली ओळखीची हिरवी बाटली सोडून बिनरंगाची घेतली, कारण रंगीत प्लास्टिकपासून पुन्हा बाटली करणं अवघड जातं. शाश्वतराव बराच वेळ विचारात पडले. "पण त्यात डिझाइन कुठंय? नुसता रंग तर काढला!"

खरी अडचण इथंच आहे. काढून टाकलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही, तिला पारितोषिक मिळत नाही आणि तिचं बिलही लावता येत नाही. फीत लावली की फितीचे पैसे मिळतात. फीत वगळण्याची अक्कल मात्र फुकटात द्यावी लागते.

माणूस वाईट नाही, हात तर सोन्याचा आहे. तेव्हा तुमच्या घरी कार्य निघालं तर पत्रिकेचं काम खुशाल त्यांनाच द्या. फक्त खोकं नको म्हणून सांगा आणि पैसे खोक्यासकटचे द्या.