चालेलकाकू

पावसाची झड लागली, वाफ्यातली कोथिंबीर सडली आणि दहाची जुडी पन्नाशीला टेकली, की चालेलकाकू फॉर्मात येतात. अशा एक काकू सोसायटीगणिक असतात. एरवी भाजीवर फुकटची कोथिंबीर टाकून घेणं हा गिऱ्हाइकाचा हक्क. 2024 मध्ये तो घरपोच किराणा देणाऱ्या ब्लिंकिटलाही मानावा लागला. पण पावसाळ्यात भाजीवाला पिशवीत काडीसुद्धा टाकत नाही. मग काकू तणतणत घरी येतात आणि फ्रिज उघडतात. आत जे हिरवं सापडेल, ती आजची कोथिंबीर.

"पोह्यांवर हे काय?" काकांनी विचारलं.

"सेलरी. चालेल, हिरवंच आहे."

काकांनी निमूट ओला नारळ वाढून घेतला. आदल्या दिवशी आमटीत पुदिना होता आणि जेवण झाल्यावर त्यांना नुकतेच दात घासल्यासारखं वाटलं होतं.

भेळेवर काकूंनी धणेपूड भुरभुरली, तीही सढळ हाताने. "पानं काय नि धणे काय, माहेर एकच!" माहेर एकच, हे खरं, पण स्वभावाचं काय? पानांचा वास अल्डिहाइडांचा, धण्यांचा लिनालूलचा. पानांचा वास उकळीत उडून जातो, म्हणून तर कोथिंबीर आमटी उतरवल्यावर घालायची. धणे उलट भाजल्यावर खुलतात. भेळेला धणेपुडीने गोडा मसाला पडल्याची चव आली. मुलांनी ती खाल्ली, कारण शेव होती.

काकूंचा एकमेव निस्सीम चाहता म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा जावई. त्याला कोथिंबिरीला साबणाचा वास येतो. हे नाटक नव्हे. वास ओळखणाऱ्या ओआर6ए2 या जनुकाशी या साबणवासाचा संबंध सापडलेला आहे. पाककलेतल्या थोर ज्युलिया चाइल्ड यांनाही कोथिंबीर खपत नसे. जावई मात्र काकूंचे पोहे मागून खातो.

आणि न्यायाने बोलायचं, तर काकूंचे काही नेम बसतातही. पिठल्यावर लसणाची पात घातली त्या दिवशी कोथिंबिरीची आठवण कोणालाच झाली नाही. एकदा मणिपूरच्या शेजारणीने लांबट, करवती कडांची पानं दिली. मूळची अमेरिका खंडातली, कोथिंबिरीच्याच कुळातली ही वनस्पती ईशान्येत सर्रास वापरतात. तिचा वास कोथिंबिरीहून उग्र आणि शिजवल्यावरही टिकणारा. रस्सा असा जमला, की काकांनी दोनदा घेतला. काकू मात्र म्हणाल्या, "बघा, मी म्हणतच होते, हिरवं कुठलंही चालतं!"

याच आत्मविश्वासाने परवा त्यांनी शेपूची कोथिंबीरवडी केली. बेसन, तीळ, उकडणं, कापणं, तळणं, सगळं यथासांग. पण पोह्यांवर कोथिंबीर पाहुणी असते. वडीत तीच घरधनीण. शेपूची वडी शेपूच्या वडीसारखीच लागली. वाईट नव्हती, पण कोथिंबीरवडी म्हणून बोलावलेल्या आठ जणांपैकी सात जणांनी चहावर भागवलं. आठवा जावई.

तेव्हा श्रावणात काकूंकडून वडीचं आमंत्रण आलं, तर रिकाम्या हाताने जाऊ नका. मिठाई नको. एक जुडी न्या.