उत्तम साहस

मराठी माणसानं धंद्यात साहस करावं, असं भाषण मी सोसायटीच्या पूजेला ठोकलं. टाळ्या थांबल्यावर बायको म्हणाली, "मग करा की!"

म्हणून भल्या पहाटे वाशीच्या एपीएमसीत हजर झालो. हापूस घाऊक भावात घ्यायचा आणि सोसायटीत विकायचा, असा बेत. १९९६ साली हा फळबाजार क्रॉफर्ड मार्केटातून इथे आणला नसता, तर माझं साहस हार्बर लोकलच्या गर्दीतच विरलं असतं.

गाळ्यावर पेट्यांची थप्पी लागलेली. माथाडी "ओ साहेब, पाय!" असं ओरडत धावणारे. तेवढ्यात व्यापाऱ्यानं हातावर रुमाल टाकला. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही, अशी ही जुनी रीत. मला तर माझ्याच भावाचा पत्ता लागला नाही. हात पुढे आला म्हणून मी सभ्यपणे शेकहँड केला. पाचही बोटं धरून, वर आपुलकीनं दाबून. सौदा झाला होता.

हमाली आणि टेम्पोचं भाडं भरून पेट्या घरी आणल्या. आंबे हिरवेगार. बेडरूममध्ये गवत पसरून आढी लावली. आम्ही हॉलमध्ये झोपलो. सगळे आंबे एकदमच पिकले, तेव्हा सगळी सोसायटी मे महिन्याची कोकणात गेली होती, घरचे आंबे खायला.

दोन्ही वेळच्या आमरसात बुडालेला मी समाधानासाठी संस्कृतकडे वळलो. 'सहस्' म्हणजे बळ आणि त्यावरून साहस म्हणजे चक्क बळजबरीचा गुन्हा! मनुस्मृतीत चोरीच्या पंगतीला त्याचे खटले आहेत. दंडाचीही आंब्यासारखी प्रतवारी: प्रथम साहस २५० पण (म्हणजे तेव्हाची नाणी), मध्यम ५००, उत्तम १०००. पुढे केव्हातरी हा शब्द निर्दोष सुटला आणि शौर्याच्या रांगेत जाऊन बसला. आमच्या घरात मात्र 'नसतं साहस' म्हटलं की जुना खटला अजून उभा राहतो.

हे सगळं मी बायकोला वाचून दाखवलं आणि माझा गुन्हा फार तर 'प्रथम'मध्ये बसतो, असा बचाव मांडला. तिनं पेट्या, हमाली, टेम्पो यांची बेरीज केली आणि निकाल दिला, "उत्तम."

लग्नानंतर तिच्याकडून मिळालेला हा माझा पहिलाच उत्तम शेरा.