तुमचा समाज किती?

आमच्या संभाजीनगरात एप्रिल २०१५ मध्ये निवडून आलेले नगरसेवक एप्रिल २०२० मध्ये घरी बसले, आणि पुढचं मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. मधली वर्षं प्रशासकांची. तेवढ्या काळात माजी नगरसेवकांनी एक काम मात्र नेटानं केलं: फ्लेक्सवर ‘भावी’ झाले.

प्राधान्य विचारा, उत्तर तयार असतं. पाणी! २०१५ लाही तेच होतं. जायकवाडीहून पाणी आणायच्या १६८० कोटींच्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. पुढे खर्च २७०० कोटींच्या वर गेला. नळाला नाही, पण आकड्याला चांगलं प्रेशर आहे. मग कचरा, ज्याच्या गाड्या नारेगावकरांनी २०१८ मध्ये अडवल्या होत्या. मग रस्ते, म्हणजे पाइपलाइनसाठी पुन्हा उकरायची सोय.

तिकीट मागताना मात्र यातलं काहीच कामाला येत नाही. तिथे पहिला प्रश्न, “प्रभागात तुमचा समाज किती?” हे शहर वसवणारा, नहर खोदून त्याला पाणी पाजणारा मलिक अंबर आज बायोडेटा घेऊन पक्ष कार्यालयात गेला असता, तर निरीक्षक म्हणाले असते, “नहर झकास आहे हो, पण इथं हबशी मतं किती?” बिचारा अपक्ष लढला असता. डिपॉझिटचं सांगवत नाही.

आता बहुतेक प्रभागांत नगरसेवक चार-चार आहेत. पाणी आलं नाही तर चौघांनाही फोन लावा. एकालाच लावलात, तर तो उरलेल्या तिघांचे नंबर देईल.