विषय : उभ्या गाडीच्या भावाबाबत

प्रति,
श्रीयुत गाडीमालक,
सोसायटीच्या मागच्या बाजूचं पार्किंग

महोदय,

आपल्या मारुती ८०० चे चारही टायर केव्हाच बसले. कव्हर फाटलं, मागच्या सीटवर मांजरीची दोन बाळंतपणं झाली. तरीही गाडीच्या किमतीबद्दलचं आपलं मत तसूभरही खाली आलेलं नाही, याबद्दल सर्व सभासदांतर्फे आपलं अभिनंदन. परवा भंगारवाला आला, गाडीला एक फेरी मारली, आकडा सांगितला आणि आपण त्याला ‘लुटारू’ म्हणून जिना चढून गेलात. त्या लुटीचा हिशेब एकदा बघावा, ही विनंती.

मारुती ८०० चं वजन साधारण साडेसहाशे किलो. त्यात लोखंड-पोलाद ढोबळमानाने दोन-तृतीयांश. काच, फोम, रबर आणि आपल्या आठवणी यांना काट्यावर भाव नाही. नुसतं वजन करून विकायचं म्हटलं तर टेम्पोभाडं, गॅसकटरवाल्याची मजुरी आणि शेडचं भाडं देऊन त्या माणसाच्या हाती फारसं उरत नाही. त्याचं पोट चालतं ते सुट्या भागांवर. इंजिन, गिअरबॉक्स, सेल्फ, डायनामो, चांगल्या अवस्थेतला एखादा दरवाजा. रेडिएटरचं तांबं किंवा ॲल्युमिनियम वेगळं, बॅटरी असेल तर तिचं शिसं वेगळं. नंतरच्या काळातल्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये तर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. अगदी थोडं, पण तेवढ्यासाठी तो आधी वाकून गाडीच्या पोटाखाली बघतो. आपल्याला वाटलं, गाडीला नावं ठेवायला वाकला.

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, रस्त्यावरच्या गाड्या मात्र थांबल्या नाहीत. त्यांच्या गॅरेजवाल्याला कधीतरी डावा दरवाजा लागतो. कधी, ते कुणालाच ठाऊक नसतं. तोवर तो दरवाजा भिंतीला टेकून असतो आणि भंगारवाल्याचे पैसे त्यात अडकलेले असतात.

मुंबईची काळीपिवळी आठवते? प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात जन्माला यायची, आणि जुन्या गाड्यांच्या स्पेअर पार्टसाठी लोक कुर्ल्याच्याच सीएसटी रोडवर जायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. गाडीचं उत्पादन तर कधीच बंद झालं होतं. मग म्हाताऱ्या टॅक्सींना गिअर, दांडे, दिवे कुठून मिळत राहिले? बरेचसे आधी कापल्या गेलेल्या त्यांच्या बहिणींकडून.

‘आता सरकारी धोरण आलंय’ हेही आपण जिन्यावरून सुनावलंत. आलंय खरं. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालं, सप्टेंबरमध्ये नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रांचे नियम निघाले. तिथे गाडी चोरीची तर नाही हे आधी तपासतात, तेल आणि एसीचा गॅस रीतसर काढून घेतात, आणि आपल्याला ठेव प्रमाणपत्र देतात. ते दाखवून नवी खासगी गाडी घेतली तर रस्ताकरात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. उत्तम सोय. फक्त भंगाराची किंमत म्हणून याच धोरणात जो अंदाज दिला होता, तो नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के, म्हणजे पाच लाखांच्या गाडीला वीस ते तीस हजार. आपली गाडी नवी असताना कितीची होती ते आठवावं, आणि मग लुटारूचा आकडाही आठवावा.

खरं तर घासाघीस करायची जागा दुसरीच होती. आपण पाचशे रुपयांवरून अर्धा तास भांडलात. आरसी बुकाचं पुढे काय होणार, हे एकदाही विचारलं नाहीत. गाडी मोडीत निघाली की चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये मालकाचं काम म्हणून लिहिलंय. चेसिस नंबरचा तुकडा कापून जमा करायचा आणि नोंदणी रद्द करून घ्यायची. तसं न करता मूळ आरसी गाडीबरोबर देऊन टाकली, तर लबाड माणसाला पत्र्यापेक्षा कागदच मोलाचा. त्याच मॉडेलची चोरीची गाडी आणायची, तिच्यावर मेलेल्या गाडीचा नंबर ठोकायचा, की आपण कागदावर मालक राहता आणि ती कुठल्यातरी नाक्यावर पकडली जाते. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या फोडण्यासाठी देशभर बदनाम होता. २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी तो बंद पाडला. शिव्या सगळ्या बाजाराला पडल्या. कागद सोडून मोकळे झालेले सज्जन कुणाला आठवले नाहीत.

शिकलेल्या विक्रेत्याचा आणखी एक दाखला आहे. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाने रसायनशास्त्र विभागातलं एक जुनं यंत्र लिलावात काढलं. ते मायापुरीच्या भंगार बाजारात फोडलं गेलं. आत किरणोत्सारी कोबाल्ट-६० होतं. बरेच जण आजारी पडले, एक कामगार दगावला. यंत्रात काय आहे हे सांगण्याची तसदी विकणाऱ्याने घेतली नव्हती.

तेव्हा आरटीओचा अर्ज भरा, फास्टॅग काढा, विमा थांबवा आणि भंगारवाला सांगेल त्या भावाला हो म्हणा. अधिकृत केंद्राला द्यायची तर तसं द्या. भाव मात्र तिथेही हाच निघेल.

आणि द्यायचीच नसेल, तर तीही मुभा आहे. महाराष्ट्रात खासगी गाडी पंधरा वर्षांनी कापलीच पाहिजे असं नाही. तपासणीत पास करून घ्या, पर्यावरण कर भरा, पुनर्नोंदणीचं शुल्क भरा (६०० रुपये होतं, एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं) आणि आणखी पाच वर्षं खुशाल वापरा. त्यासाठी गाडी आरटीओपर्यंत न्यावी लागेल, एवढीच अडचण. कारण बॅटरी आपण गेल्या दिवाळीत याच भंगारवाल्याला विकली. तेव्हा त्याचा भाव आपल्याला पटला होता.

कळावे, लोभ असावा.

आपलाच,
पार्किंगच्या प्रतीक्षायादीतला एक सभासद