पुराव्याचा तास, दुपारी दोन ते तीन

पुराव्यावर आधारित वैद्यक शिकवण्याची आपली रीत मात्र कुठल्याच पुराव्यावर उभी नाही. बालरोग विभागातला निवासी डॉक्टर जर्नल क्लबमध्ये ब्राँकिओलायटिसवर, म्हणजे तान्ह्या बाळांच्या बारीक श्वासनलिकांच्या सुजेवर, तासभर बोलतो: या बाळांना साल्ब्युटामॉल देऊ नये, हे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१४ सालीच सांगितले आहे. टाळ्या, समोसे. संध्याकाळी वॉर्डात तोच डॉक्टर केसपेपरवर साल्ब्युटामॉलचे नेब्युलायझेशन लिहितो, कारण सर लिहितात. यात नवल नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या २००४ च्या आढाव्यात हेच दिसले होते: वर्गातल्या सुट्या तासांनी ज्ञान वाढते, वागणे बदलत नाही, रुग्णाच्या खाटेपाशी, रोजच्या कामात मिसळून शिकवले तर कौशल्य आणि वर्तनही सुधारते.

राउंडला शिकवायला वेळ कुठे आहे, असा आक्षेप येतो. निरुपयोगी औषध लिहायला, नर्सने ते द्यायला, घाबरलेल्या आईने रडत्या बाळाच्या तोंडाशी मास्क धरून बसायला वेळ मिळतोच की! मग अनुभवाला काही किंमत नाही का? आहे. डेव्हिड सॅकेट यांनी १९९६ मध्ये केलेल्या पुराव्यावर आधारित वैद्यकाच्या व्याख्येतच पुराव्याशेजारी अनुभवाला खुर्ची आहे. पण हा आजार बहुतेक बाळांत आपोआप ओसरतो आणि श्रेय नेब्युलायझर घेऊन जातो, तेव्हा तो अनुभव नेमका कशाचा? हा प्रश्न निवासी डॉक्टरने भर राउंडमध्ये सरांना विचारावा, अशी सोय वेळापत्रकात अजून झालेली नाही.