रविवारचे शल्यविशारद

गाडीचं ॲव्हरेज घसरलं की सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी एक तरी शल्यविशारद बाह्या सरसावतो. एअर फिल्टरच्या पुढच्या नळीतला मास एअरफ्लो सेन्सर साफसफाईसाठी बाहेर निघतो. आत केसासारखी बारीक, तापलेली तार. हवा तिला किती गार करते, यावरून इंजिनाचा संगणक पेट्रोलचं माप ठरवतो. तिला बोटही लावायचं नसतं. काका टूथब्रश आणतात! (दातांच्या सेवेतून निवृत्त झालेला.) वर कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा. या सेन्सरचा वेगळा स्प्रे मिळतो. पण ‘त्यात कशाला पैसे घालवायचे?’ मग तार तुटली की नव्या सेन्सरला हजारो मोजताना शिव्या खाते कंपनी. स्प्रे मारा, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. आणि काळाकुट्ट एअर फिल्टर तसाच ठेवणार असाल, तर सेन्सरच्या वाटेला जाऊच नका.