मखरातलं झाड

बॉक्सवुडचं बोनसाय कधी छाटावं, असं मला कुणी विचारलं तर एवढंच ठामपणे सांगेन की गणपतीत छाटू नये. हे ज्ञान मला न्यू जर्सीत झालं, तेही झाडाचा जीव टांगणीला लावून.

त्या वर्षी मखरासाठी दुकानातली प्लॅस्टिकची केळीची पानं हिला नको होती. मी माझं वीतभर उंचीचं बॉक्सवुड पुढे केलं. या झाडाला वाढायची अजिबात घाई नसते. म्हणूनच त्याचं लाकूड इतकं घट्ट, की पाण्यात टाकलं तर बुडतं. १८४९ साली लंडनमध्ये स्टाँटन बुद्धिबळाचे पहिले संच विक्रीला आले, त्यातली पांढरी मोहरी याच लाकडाची. असं खानदानी झाड बाप्पाशेजारी झिपरं कसं ठेवायचं? हरितालिकेच्या सकाळी मी कात्री घेऊन बसलो आणि त्याला गोल गरगरीत करून टाकलं.

दुपारी मखरावर ऊन आलं आणि ही थबकली. ‘‘घरात मांजर शिरलंय का हो?’’

मांजर नव्हतं. बॉक्सवुडच्या पानांना उन्हात मांजराच्या मुतासारखा वास येतो, हे मी शास्त्रीय भाषेत सांगून पाहिलं. पाच मिनिटांत झाड डेकवर गेलं आणि बाप्पाशेजारी प्लॅस्टिकची केळी आली.

खरी गंमत पुढे. छाटल्यामुळे झाडाची समजूत झाली की वसंत आला! पितृपक्षात त्याला पोपटी फुटवा आला. मी फोटो काढून पुण्याला बहिणीला पाठवले. दिवाळीच्या तोंडावर पहिला फ्रॉस्ट पडला आणि सकाळी ती सगळी पालवी उकडलेल्या मेथीसारखी लोंबत होती. जुनी पानं तेवढी तांबूस होऊन तगली. थंडीत ती तशी होतातच.

तेव्हापासून मी मुहूर्त पंचांगात नाही, पानात बघतो. वसंतात नवा फुटवा येतो तेव्हा हात शिवशिवतात, पण गप्प बसायचं. पान गडद झालं आणि चिमटीत कडक लागलं, की कात्री काढायची. आमच्याकडे ती वेळ साधारण जूनच्या सुरुवातीला येते. नव्या काडीवर पानांची एक-दोन जोडपी ठेवून पुढचं उडवायचं. पानं समोरासमोर असल्यामुळे एक शेंडा गेला की दोन फुटतात; मंडळात एकाने राजीनामा दिला की दोन गट होतात, तसं. पान मधोमध कापलं तर कड करपते, म्हणून काडीच धरून कापायची. आणि आतली दाटी विरळ करायची, नाहीतर बाहेरून गोजिरं आणि आत नुसत्या काटक्या. यातलं एकही काम मी त्या हरितालिकेला केलं नव्हतं.

आता जून संपला की कात्री कुलपात आणि किल्ली हिच्याकडे. गणपतीला जरूर या. डेकवर वास आला तर मांजर शोधत बसू नका.